गाळाची पोती, सात रंगांचे कागद आणि नियम लिहिलेले साहेब

कोल्हापुरात मिसळीवर मत हवं असेल तर रस्त्यात कुणालाही थांबवावं. पण घातक कचऱ्याच्या कागदपत्रांसाठी कुणाकडं जावं असं विचारलं, की उद्यमनगरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि शेवटी "आमचा एक माणूस आहे, बघतो तो" एवढंच उत्तर येतं. तो माणूस नेमकं काय बघतो हे कुणालाच ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं, आणि त्यापायी दणका बसला. त्यानंतर ज्यांच्याकडं गेलो त्यांच्या सेवेचा वर्षभराचा अनुभव लिहितेय.

आमचं झिंक आणि निकेल-क्रोम प्लेटिंगचं काम. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडात सुरू केलं, आता गोकुळ शिरगावला एमआयडीसीत आहे. टाक्या, रेक्टिफायर, पोरं हे सगळं आमचे हे बघतात. बँक, जीएसटी, कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारखाना चालवायची परवानगी) आणि जिथं म्हणून सही-शिक्का लागतो ते माझ्याकडं. "बी.कॉम. सून केली, एवढी एक अक्कल मी दाखवली," असं आबा चारचौघांत म्हणायचे.

आधीच सांगते, साहेबांचं नाव देणार नाही. त्यांनीच बजावलंय. "नाव छापाल तर उद्या चौकात माझा फोटो लागेल, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट," म्हणाले. त्यांची सगळी नोकरी पर्यावरणाच्या सरकारी कामात गेली, त्यातली बरीच वर्षं दिल्लीत. घातक कचऱ्याच्या नियमांचे मसुदे करायचं काम काही काळ त्यांच्या हाताखाली चालायचं. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेऊन बसले. बाहेर पाटी नाही. जिना चढताना ज्वारीच्या पिठाचा गरम वास येतो आणि वर गेलं की राजपत्रांचे गठ्ठे, त्यांवरही पिठाचा पातळ थर.

आमच्यावर वेळ कशी आली तेही सांगायला हवं. त्याआधी चार वर्षं एक कन्सल्टंट आमचं काम बघायचा. दरवर्षी जूनमध्ये यायचा, चार सह्या घ्यायचा, पैसे घ्यायचा, जायचा. मग एक दिवस कारणे दाखवा नोटीस आली. मुदतीपलीकडं गाळ, म्हणजे प्लेटिंगचं सांडपाणी शुद्ध करताना तळाला बसणारा धातूंचा चोथा, साठवला म्हणून. नोटिशीत खोटं काही नव्हतं, मागच्या शेडात पोती रचलेली होतीच. मी फाइल काढून आमचं वार्षिक विवरण पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात रंगकामाचा गाळ दाखवलेला. आमच्याकडं रंगाचा ब्रशसुद्धा नाही! दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा फॉर्म उतरवून वर आमचं नाव टाकलेलं. आणि आमचा खरा गाळ, तो कुठंच नाही. मी त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, आकडा महत्त्वाचा नसतो, फॉर्म गेला पाहिजे." वर भीती घातली की पाच वर्षं आत जाल.

त्या रात्री आमच्या ह्यांनी जेवण टाकलं. मी जेवले. उपाशीपोटी कागद वाचता येत नाहीत.

साहेबांची पहिली भेट आमच्याच कारखान्यात झाली. पहिल्या भेटीचे 1,500 रुपये, आधी सांगून. जुन्या स्कूटरवरून आले. मी ऑफिसात चहा मागवला तर म्हणाले, "चहा नंतर वहिनी, आधी गमबूट आणा." गमबूट एकाच मापाचे, तेही कामगाराचे. ते घालून हा सत्तरीकडं झुकलेला माणूस थेट मागच्या शेडात. तिथं त्यांनी काय केलं असेल? हातमोजे चढवून एक पोतं दोन्ही हातांनी उचलून बघितलं. खाली ठेवलं, धापा टाकत. मग म्हणाले, "ओलं आहे. पाण्याचे पैसे देऊन पाणी पाठवणार का तुम्ही?"

चार वर्षांत आधीच्या माणसानं मागच्या शेडात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

गाळाचं भाडं आणि विल्हेवाटीचे पैसे वजनावर लागतात. गाळ निथळून, वाळवून पाठवला तर वजन कितीतरी उतरतं. आम्ही फिल्टर प्रेसमधून काढलेला गाळ तसाच पोत्यात भरत होतो. साहेबांच्या सांगण्यावरून सिमेंटचा कठडा केला, वर पारदर्शक पत्रा टाकला, निथळलेलं पाणी परत ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, जाईल असा उतार काढला. या एका गोष्टीत त्यांची वर्षाची फी वसूल झाली. हे मी हिशेबानं सांगतेय, कौतुकानं नव्हे.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. खालच्या अंगाला पिवळा ओघळ होता. आम्हाला तो रोजचाच. त्यांनी विचारलं, "पावसात हा बाहेर जातो का?" आमचे हे गप्प. जात होता.

यानंतर जे केलं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागितली. क्रोमच्या रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर भाग धुतलेलं, पाणी तीत घेतलं, लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. त्यात थेंब थेंब आम्ल टाकत पीएच पट्टी अडीचच्या आसपास आणली. मग चिमूटभर मेटा टाकला, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, आमच्याकडं पोत्यानं असतो. बरणी हलवली आणि पिवळं पाणी बघता बघता हिरवं झालं, शेवाळलेल्या हौदासारखं. "हा सहाचा (सहा संयुजेचा) क्रोम तीनचा झाला. आता विष बरंच मेलं." मग चुन्याची निवळी टाकली. पट्टी आठाच्या पुढं गेली तसे हिरवे-करडे ढग धरले आणि हळूहळू तळाला बसले. वर स्वच्छ पाणी. "हे खाली बसलंय ना, तो तुमचा गाळ. आणि तुमचा माणूस आधी चुना टाकतो, मेटा नंतर. म्हणून पिवळं तसंच पुढं जातं." आमचा ईटीपी बघणारा पोरगा मागं उभा होता, तो म्हणाला, "मला कुणी उलटं सांगितलं न्हवतं, सायेब, मला कुणी काहीच सांगितलं न्हवतं."

सहाच्या क्रोमची बाहेर सोडायची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. मी हा आकडा कन्सेंटवर दहा वेळा बघितला होता, डोक्यात कधी शिरला नव्हता. साहेब म्हणाले, "गुजरीत सोनाराकडं गुंज बघितलीय ना? एक गुंज साधारण 120 मिलिग्रॅम. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीत एक गुंजसुद्धा चालत नाही." त्या दिवसापासून आमच्या ईटीपीच्या वहीत पोरं गमतीनं 'गुंज' हा शब्द वापरतात. लोणच्याची बरणीही तिथंच राहिलीय, रोज सकाळी पहिली चाचणी तीत होते.

ऑफिसात चहा घेताना भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडं बघून त्यांनी अचानक विचारलं, "नाकाचा त्रास होता का यांना?" मी म्हटलं, नाही, पण श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, नातवंडं हसायची, आम्हाला वाटायचं तपकिरीमुळं. साहेब काही बोलले नाहीत. नंतर मीच खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की क्रोमच्या वाफेत वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडू शकतं, आणि हवा त्यातून जाताना कधी कधी शिट्टी वाजते. आबांचं नाक कुठल्या डॉक्टरनं बघितलं नाही, त्यामुळं छातीठोक सांगणार नाही. पण त्यांच्या बोटांवर खोल गोल व्रण होते, भाकरीला बोट लावल्यासारखे, ते मी स्वतः बघितलेत. नोटिशीची भीती त्या दिवशी गेली, दुसरीच कसली तरी बसली.

पुढच्या तीन बैठका गिरणीच्या वरच्या खोलीत झाल्या. साहेबांची अट अशी, की फॉर्म भरायच्या आधी नियम वाचायचा. आमचे हे पहिल्याच दिवशी जांभया देऊन खाली दळण बघायला गेले. मी बसले.

इथं एक तक्रार नोंदवते. साहेब बोलतात फार. फॉर्म चारबद्दल, म्हणजे वार्षिक विवरणाबद्दल, विचारलं की भोपाळपासून सुरू होतात. पण ऐकत गेले तसं कळलं, की भोपाळ वगळून फॉर्म चार समजत नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला तेव्हा या देशात अशा गोष्टींना धरणारा एकसंध कायदाच नव्हता. पर्यावरण संरक्षण कायदा आला 1986 ला, आणि त्याच्या पोटातून 1989 च्या जुलैत घातक कचऱ्याचे पहिले नियम. त्याच वर्षी मार्चमध्ये घातक कचरा एका देशातून दुसऱ्यात नेण्यावरचा बासेलचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता, आणि त्याच्या आदल्याच वर्षी नायजेरियातल्या कोको नावाच्या गावात इटलीतून आलेली विषारी पिंपं एका माणसाच्या परड्यात रचलेली सापडली होती. जागेचं भाडं मिळतंय म्हणून बिचाऱ्यानं ठेवून घेतलेली. हे ऐकताना मी हसले होते. पुढं हसू आवरलं, ते सांगतेच.

मग 2008 चे नियम, आणि आता चालतात ते 4 एप्रिल 2016 चे. त्या वर्षी 18 मार्च ते 8 एप्रिल एवढ्या दिवसांत कचऱ्याचे सहा वेगवेगळे नियम निघाले: प्लास्टिक, ई-कचरा, दवाखान्यांचा, बांधकामाचा, घातक आणि घनकचरा. "लगीनघाई होती नुसती," साहेब म्हणाले, आणि त्या दिवसांची आठवण काढून स्वतःशीच हसत राहिले.

नियम कसा तयार होतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. मसुदा राजपत्रात छापायचा, 60 दिवस हरकती आणि सूचना मागवायच्या, मग आलेली पत्रं कलमवार लावायची: कोण काय म्हणतंय, मानायचं का, नसेल तर का नाही. साहेबांनी वहीत रकाने आखून दाखवले. मोठ्या उद्योगांच्या संघटनांचे स्पायरल बांधलेले जाड गठ्ठे यायचे, वकिलांनी लिहिलेले. मी विचारलं, प्लेटिंगवाल्यांचं काय आलं होतं? म्हणाले, "माझ्या टेबलावर तरी छोट्या प्लेटिंगवाल्याचं एक पोस्टकार्ड आलं नाही. पोती ज्यांनी उचलायची ते गप्प आणि ज्यांच्याकडं उचलायला माणसं आहेत ते बोलतायत."

मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, राजपत्र निघतं हिंदी-इंग्रजीत. आमच्या उद्यमनगरात कुणाला कळणार, की दिल्लीत आमच्या गाळावर काही छापलंय? 60 दिवस कुठून सुरू झाले आणि कुठं संपले?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "तेही खरं आहे." एवढंच. सरकारी माणसाच्या तोंडून हे तीन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, त्याचा अर्धा तारा वेगळा.

कामाच्या गोष्टी. आमचा गाळ नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 12.8 ला येतो, प्लेटिंगचा धातूयुक्त गाळ. खराब झालेला बाथ, म्हणजे टाकीतलं वापरून संपलेलं रसायन, 12.3 ला. रसायनांची रिकामी पिंपं 33.1 ला, आणि ती भंगारवाल्याला द्यायची नाहीत. (आमच्या गल्लीत निम्म्या घरांत पाणी साठवायला निळी पिंपं आहेत. ती कुठून आली असतील याचा मी आता विचार करत बसते.) साठवणुकीची मुदत 90 दिवस, पण वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान कारखान्याला मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. आमचा गाळ वर्षाला टन-सव्वा टन. म्हणजे एक अर्ज केला असता तर ही मुदत मागता आली असती आणि निम्मी नोटीस टळली असती. आधीच्या माणसाला ही सवलत माहीतच नव्हती किंवा सांगायची नव्हती. साहेबांनी हा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला, दोन परिच्छेदांचा, कुठंही 'विनम्र प्रार्थना' वगैरे नाही. "तुमच्यासारख्यांची तीन महिन्यांत गाडीच भरत नाही, म्हणून तर ते वाक्य आहे. मागा, घाबरता काय."

तुरुंगाची भीतीही त्यांनीच उतरवली. जनविश्वास कायद्यानं 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा काढून दंड आणलाय, 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत. "हे सुटकेसारखं वाटतं," ते म्हणाले, "पण कैद क्वचितच व्हायची. दंड होऊ शकतो." मला स्वतःला 15 लाख ऐकून तुरुंगच बरा वाटला, निदान दुकान तरी राहिलं असतं.

आणखी एक गंमत. आमच्या झिंकच्या कामावर पूर्वी पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा वरचा थर) असायचं, सहाच्या क्रोमचं, सोन्यासारखं झळकणारं. आबांचा जीव त्या रंगावर. मग गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या परचेस ऑर्डरवर एक ओळ आली, की सहाचा क्रोम चालणार नाही. आम्ही निळसर तीनचं पॅसिव्हेशन आणलं, आबा महिनाभर फुगून बसले. ते का झालं हे मला एवढ्या वर्षांनी साहेबांकडून कळलं. युरोपनं जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीचा नियम 2000 साली केला आणि 2007 च्या जुलैपासून नव्या गाड्यांत सहाच्या क्रोमला बंदी घातली. "ब्रुसेल्सचा नियम तुमच्याकडं ऑर्डर घेऊन आला, आमचा नोटीस घेऊन. तुम्ही कुणाचं ऐकणार?" स्थानिक गिऱ्हाइकाला अजून पिवळंच पाहिजे असतं, ते सोडा.

आता सात कागद. घातक कचरा फाटकाबाहेर जाताना फॉर्म दहा लागतो, मॅनिफेस्ट म्हणतात त्याला. सात प्रती, सात रंग. साहेबांनी टेबलावर त्या रमीच्या पानांसारख्या पसरल्या. पांढरी आपण मंडळाला पाठवायची. पिवळी गाडीवाल्याची सही घेऊन आपल्याकडं. गुलाबी कचरा घेणाऱ्या केंद्राकडं. नारिंगी गाडीवाल्याला परत. हिरवी केंद्राकडून मंडळाला. निळी केंद्राकडून आपल्याला. करडी दुसऱ्या राज्यातला कचरा असेल तर तिकडच्या मंडळाला. "बाळंतपणापासून बाराव्यापर्यंत, गाळाची एकेक सही आहे. आणि वहिनी, निळा कागद हाती पडेपर्यंत गाळ तुमचाच, एवढं धरून चाला." आमच्या मुलानं त्या टेबलाचा फोटो काढून ठेवलाय. आता बरंच काम पोर्टलवर झालंय, पण रंग लक्षात राहिले म्हणून पायऱ्या लक्षात राहिल्या.

आणि इथंच सेवेतला खड्डा आला.

गाडी साहेबांच्या ओळखीच्या माणसानं दिली. परवाना होता, गाडीवर पाट्या होत्या, चालकाकडं आणीबाणीचं कार्ड होतं. सगळं तपासून पोती चढवली, गाडी पहाटे निघाली. महाराष्ट्रात असा कचरा घेणारी सामाईक केंद्रं मोजकी, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी. कोल्हापुरातून जवळचं म्हटलं तरी पुण्याच्या पुढं जावं लागतं. दोन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. निळा कागद नाही. मी साहेबांना फोन करायची तर दुपारी एक ते चार फोन बंद. त्यांची वामकुक्षी म्हणजे राजपत्रात छापल्यासारखी, बदल नाही. शेवटी अकराव्या दिवशी कळलं, की गाडी पूर्ण भरली नव्हती म्हणून त्या बहाद्दरानं आमची पोती वाटेत स्वतःच्या गोदामात उतरवून ठेवली होती, दुसऱ्या कुणाचा माल मिळेपर्यंत.

मला कोको गाव आठवलं. आमच्या पोत्यांवर आमच्या नावाचं लेबल, आणि ती कुणाच्या तरी परड्यात.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. नियम असा, की गाडी जो ठरवतो, पाठवणारा किंवा घेणारा, त्याच्यावर सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी. म्हणजे कागदावर आम्ही. ओळख त्यांची, जबाबदारी आमची. मी फोनवर जे बोलायचं ते बोलले, इथं लिहीत नाही. त्याच संध्याकाळी साहेब स्वतः एसटीनं त्या गोदामाच्या गावी गेले, पोती मोजली, एकही फाटलेली नाही हे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी हलेपर्यंत तिथंच बसले. बाराव्या नाही, चौदाव्या दिवशी निळा कागद आला. एसटीचं तिकीट त्यांनी बिलात लावलं नाही. मी लावायला लावलं, हिशेब तो हिशेब.

परत आल्यावर म्हणाले, "मसुदा करताना आम्ही 'गाडी' हा शब्द शंभर वेळा लिहिला असेल. अर्धी गाडी म्हणजे काय, ते कळलं नव्हतं." मग भोपाळच्या त्या कारखान्यातला उरलेला कचरा कसा गेला ते सांगितलं. सुमारे 337 टन, बारा कंटेनरमधून, 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला. अपघातानंतर चाळीस वर्षांनी. ज्या कारखान्यामुळं हे सगळे नियम जन्मले त्याचाच कचरा शेवटी हलला. आणि आम्हाला 180 दिवस! मी तसं म्हटलं तर म्हणाले, "म्हणूनच 180 दिवस."

यावर उपाय म्हणून आता गोकुळ शिरगावातल्या आम्ही पाच प्लेटिंगवाल्यांनी मिळून एकाच तारखेला गाडी बोलवायचं ठरवलंय. प्रत्येकाची पोती वेगळी, मॅनिफेस्ट वेगळं, गाडी एक आणि भरलेली. दोनदा झालं, निळा कागद दोन्ही वेळा चार दिवसांत. ही कल्पना कुणाची यावर साहेब आणि आमचे हे अजून भांडतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. वर्षाची फी आमच्याकडून 18,000 घेतली, त्यात दोन प्रत्यक्ष भेटी, फॉर्म तीनची रोजची नोंदवही कशी ठेवायची ते शिकवणं, 30 जूनच्या आतलं वार्षिक विवरण आणि नोटिशीचं उत्तर. पावती मिळते. फाटकाबाहेरचा सहा बाय चार फुटांचा माहितीफलक, जो सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशानंतर लावावा लागतो, त्याचा मराठी मजकूर त्यांनी फुकट सुधारून दिला. आधीच्या फलकावर 'घातक' ऐवजी 'घटक कचरा' छापलं होतं, पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. पोर्टलवरचं काम त्यांना जमत नाही, घरात कॉलेजचं पोर असेल तर बरं. दुपारी एक ते चार फोन करू नका. मंडळात ओळख लावून काम करून द्या म्हणाल तर जिन्यावरूनच परत पाठवतात, आमच्यासमोर एकाला पाठवलं. गाडी तुमची तुम्ही ठरवा, त्यांची ओळख घेऊ नका, आता तेही हेच सांगतात.

पाचपैकी चार. एक गाडीसाठी कापला. अर्धा जो वर दिला होता तो वामकुक्षीत गेला.

परवा मी गेले तेव्हा टेबलावर एक नवा मसुदा पडला होता, हरकतींची मुदत अजून संपायची होती. साहेबांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला, पेन दिलं आणि खाली ज्वारी दळायला गेले. मी अर्धी गाडी या विषयावर दीड पान लिहिलंय. मराठीत. पत्ता त्यांनी पाकिटावर घातला, तिकिटं मी लावली.